चिमणीची वही कोण भरतं?

प्रश्न : मुलीला शाळेतून एक वही मिळाली आहे. घरातला कुठला दिवा, कुठला पंखा किती तास चालला ते रोज लिहायचं. देशाचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन कमी करायला हातभार म्हणे. आमच्या गच्चीवरून सिमेंट कारखान्याची चिमणी दिसते. तिची वही कोण भरतं? कारखान्यांनी आपला वाटा उचलायचा की नाही, आणि किती?
– एक वाचक, गडचांदूर

उत्तर : ताई, चिमणीचीही वही असते. सिमेंट कारखान्याच्या लॅबमध्ये माझी ३१ वर्षं गेली, त्यातली बरीच ती भरण्यात.

आधी दगडाचं सांगतो. शुद्ध चुनखडीची एक ग्रॅम पूड क्रुसिबलमध्ये घालून ९५० अंशांच्या भट्टीत ठेवायची. थंड झाल्यावर वजन भरतं ०.५६ ग्रॅम. नवीन पोरं हमखास विचारायची, "साहेब, सांडलं का?" सांडलं काहीच नाही, ०.४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून गेलं. हा वायू कोळशाचा नाही, दगडाच्या पोटातला आहे. भट्टी उद्या उन्हावर तापवली तरी तो निघणारच. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनात निम्म्याहून जास्त हाच असतो.

त्यामुळे 'सगळ्या उद्योगांनी सरसकट अमुक टक्के कापा' हे मला कधी पटलं नाही. कापडगिरणीला बॉयलरचं इंधन बदलता येतं. आम्ही दगड कुठून बदलणार? पण ही सबब पुढे करून मोकळं होणाऱ्या मॅनेजरांचीही मला चीड यायची. क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून होणारे आणि दळून सिमेंट बनणारे खडे, कमी घालणं तर आपल्या हातात आहे ना!

आता वाट्याचं. केंद्राने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना आणली आणि २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद अशा उद्योगांतल्या कारखान्यांना नेमून उद्दिष्टं दिली. उद्दिष्टापेक्षा कमी वायू सोडला तर प्रमाणपत्रं मिळतात, ती विकायची. जास्त सोडला तर विकत घ्यायची. चांगलंच आहे. फक्त मेख अशी, की हे सगळं दर टन मालामागे मोजतात. टनामागे ५ टक्के घटवलं आणि उत्पादन २० टक्के वाढवलं, तर उद्दिष्ट गाठलं म्हणून पेढे वाटायचे आणि चिमणीतून मात्र १४ टक्के जास्त वायू. देशाचं २०३०चं उद्दिष्टही असंच आहे : २००५च्या तुलनेत जीडीपीच्या दर रुपयामागे ४५ टक्के घट. घरं, रस्ते अजून व्हायचेत, तेव्हा आजच एकूण आकड्याला कुलूप लावा असं मी म्हणणार नाही. पण टनामागच्या आकड्याशेजारी एकूण टनांचा आकडाही कारखान्याच्या फाटकावर लिहिलेला असावा. मुलीला वही भरायला लावता, मग एवढं तर करा.

तुम्ही गच्चीवर खोली काढणार असाल तर गोणीवर 'पीपीसी' लिहिलंय का बघा. त्यात क्लिंकरची जागा थोडीफार औष्णिक केंद्राची राख घेते, नियमानुसार १५ ते ३५ टक्के. मिस्त्री नाक मुरडेल, स्लॅबला राख न मिसळलेलं ओपीसी ५३च हवं म्हणेल. त्याचं एक खरं आहे, पीपीसीला ताकद सावकाश येते. तेव्हा सेंट्रिंग काढायची घाई करू देऊ नका, आणि आपल्याकडच्या उन्हात चांगले १४ दिवस पाणी मारा.