कॅल्क्युलेटरवरची ती चॉकलेटी पट्टी

प्रश्न : माझ्या जुन्या कॅल्क्युलेटरवर चॉकलेटी रंगाची सोलर पट्टी आहे, ट्यूबलाइटखालीपण मस्त चालतो. वाचलं की ह्यातलं सिलिकॉन 'अमॉर्फस' असतं, म्हणजे अणू अस्ताव्यस्त. मग ते चालतं तरी कसं? आणि टीव्ही-मोबाइलच्या स्क्रीनमध्येपण हेच असतं का?

उत्तर : अस्ताव्यस्त म्हणजे अगदीच कसंही नाही हो. सिलिकॉनच्या अणूला चार हात असतात असं धरा, क्रिस्टलमध्ये चारही हात ठरलेल्या कोनात पकडलेले, लांबपर्यंत तीच नक्षी. अमॉर्फसमध्येही शेजारी बहुतेक चारच, पण कोन थोडे थोडे चुकतात आणि चार-पाच अणू पुढे गेलं की नक्षी हरवते. त्यात काही हात मोकळेच लोंबकळतात आणि खरी डोकेदुखी तीच, कारण जाणारा इलेक्ट्रॉन तिथे अडकून बसतो. उपाय हायड्रोजन. सिलेन वायूच्या (सिलिकॉन आणि हायड्रोजनचं संयुग) प्लाझ्मातून, म्हणजे विजेने फोडलेल्या वायूतून, २००-२५० अंशांना काचेवर थर बसवताना हायड्रोजनही आत शिरतो, साधारण दहा टक्के, आणि मोकळे हात धरून ठेवतो. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीला स्पिअर आणि लिकोंबर या संशोधकांनी अशा मालात डोपिंग (वीज हवी तशी वाहावी म्हणून दुसरे अणू किंचित मिसळणं) करून दाखवलं, तेव्हा कुठे लोकांनी हे मनावर घेतलं.

ह्याचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे १.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, क्रिस्टलचा १.१. घरातल्या दिव्यांच्या प्रकाशाशी १.७ छान जुळतो, म्हणून ट्यूबलाइटखालीही भागतं. पट्टी नीट बघा, बारीक रेघांनी तिचे भाग पाडलेले दिसतील, एका भागाचा व्होल्टेज पुरत नाही म्हणून ते एकामागे एक जोडलेले असतात. थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ.

मग छतावर का नाही? कारण कडक उन्हात ठेवलं की हे थकतं. १९७७ मध्ये स्टेबलर आणि रॉन्स्की या संशोधकांच्या लक्षात आलं की प्रकाशानेच आत नवे मोकळे हात तयार होतात. गंमत म्हणजे १५० अंशांच्या वर तापवलं की माल परत ताजातवाना होतो (कॅल्क्युलेटर ओव्हनमध्ये टाकू नका, प्लास्टिक आधी जाईल). हायड्रोजन आणखी वाढवला तर त्याच मशीनमध्ये नॅनोमीटर मापाचे क्रिस्टलचे कण असलेलं नॅनोक्रिस्टलाइन सिलिकॉन मिळतं, ते लाल प्रकाशही पकडतं आणि उन्हाला जास्त टिकतं.

स्क्रीनचं म्हणाल तर हो, एलसीडीत प्रत्येक पिक्सेलमागे एक ट्रान्झिस्टर लागतो आणि एवढ्या मोठ्या काचेवर सगळीकडे सारखा बसणारा स्वस्त थर हाच. इलेक्ट्रॉनची मोबिलिटी, म्हणजे विजेच्या ओढीने तो किती सहज धावतो ते माप (एकक सेमी²/व्होल्ट-सेकंद), जेमतेम १, क्रिस्टलमध्ये १४००च्या आसपास, पण पिक्सेलला सेकंदाला ६० वेळा चालू-बंद करायला १ पुरते. ओएलईडीला (ह्यात पिक्सेल स्वतःच उजळतो) नाही पुरत, तिथे लेसरने थर वितळवून कणांचं सिलिकॉन करतात, मोबिलिटी जाते १००च्या घरात, जाहिरातीत एलटीपीएस लिहितात ते हेच. दुसरा पर्याय आयजीझेडओ (इंडियम, गॅलियम आणि झिंकचं ऑक्साइड), तोही अमॉर्फसच, २००४ मध्ये जपानी संशोधक होसोनो यांच्या गटाने त्याचा ट्रान्झिस्टर करून दाखवला. मला हा माल फार आवडतो, कारण इंडियमचे इलेक्ट्रॉन-ढग मोठे आणि गोल, अणू वेडेवाकडे बसले तरी ते एकमेकांत मिसळतातच, त्यामुळे अस्ताव्यस्त असूनही मोबिलिटी १०च्या आसपास.

आणि छतावर अगदीच नाही असंही नाही बरं का, पॅनेल हेटेरोजंक्शनचं असेल तर त्यातल्या क्रिस्टलच्या दोन्ही बाजूंना ह्याच अमॉर्फसचा काही नॅनोमीटरचा थर असतो, क्रिस्टलच्या पृष्ठभागावरचे मोकळे हात धरायला.