आरसीसीबीला सप्लाय कुठून द्यायचा?

तुझा डीबीचा (घरात वीज वाटून देणाऱ्या बोर्डाचा) फोटो पाहिला. वायरिंग नीटनेटकं आहे, पण आरसीसीबीत, म्हणजे करंटची गळती झाली की सप्लाय तोडणाऱ्या स्विचमध्ये, फेज वरून आत घेतलास आणि मीटरकडून येणारा न्यूट्रल खालच्या टोकाला लावलास. इथेच गोम आहे. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट ताडून बघतो, दोन्ही सारखे असले की गप्प बसतो. न्यूट्रल उलटा शिरला की दोघांची वजाबाकी न होता बेरीज होते. लोड नसताना सगळं ठीक वाटतं, गिझर लावला की खट्कन ट्रिप! पाथर्डी फाट्याजवळच्या एका रो-हाउसमध्ये मी स्वतः हीच चूक करून दुपारभर गिझरलाच दोष देत बसलो होतो.

म्हणून सप्लायच्या दोन्ही वायरी एकाच बाजूने आत, घरच्या दोन्ही दुसऱ्या बाजूने बाहेर. न्यूट्रल 'एन' लिहिलेल्या टोकालाच. बाजू कोणती, ते आरसीसीबीच्या अंगावरच्या खुणा आणि आकृती बघून ठरव. काही साधे आरसीसीबी खालूनही सप्लाय घेतात; पण इलेक्ट्रॉनिक सर्किटवाल्यात बाजू चुकली तर ट्रिप झाल्यावरही आतला भाग चालू राहून जळू शकतो.

आरसीसीबीच्या पुढे, म्हणजे घराच्या बाजूला, न्यूट्रल अर्थिंगला किंवा दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडू नकोस. माणसाच्या बचावासाठी 30 मिलीअँपिअर गळतीला ट्रिप होणाराच घे, ओव्हरलोडसाठी एमसीबी (जास्त करंट झाला की बंद पडणारा स्विच) वेगळा लागतोच. निघण्यापूर्वी टेस्ट बटण दाब, मात्र त्याने अर्थिंग तपासलं जात नाही, ते वेगळं मोज. आणि हो, मेन बंद करूनच डीबी उघड, टेस्टरवर भिस्त ठेवू नकोस.