पाडव्याला घरी नसले तर चालेल का?

प्रश्न : माझे वय ५३. आम्ही डोंबिवलीला राहतो. गेल्या मे महिन्यात माझे यजमान अचानक गेले. गणपती, नवरात्र कसेबसे निभावले, पण बाजारात आकाशकंदील लागले तशी माझी झोप उडाली आहे. सगळ्यात धास्ती पाडव्याची वाटते. सत्तावीस वर्षे त्यांना ओवाळले. ताटात काय घालणार यावरून दरवर्षी थट्टा व्हायची. यंदा ती सकाळ त्या घरात कशी काढू? मुलगी चोवीस वर्षांची आहे, ट्रेकला जाते. ती म्हणते, आपण दोघी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईला जाऊन राहू आणि झेपले तर गड चढू. थोरल्या जाऊबाईंना हे अजिबात पटलेले नाही. ‘अजून वर्षश्राद्ध व्हायचंय आणि या निघाल्या डोंगर फिरायला. पहिल्या दिवाळीत घराला कुलूप?’ असे त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मलाही आतून वाटते, हे पळून जाणे तर नाही? शिवाय गुडघे कुरकुरतात ते वेगळेच.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, जा.

खरं तर इथेच थांबले असते, पण तुम्ही नेमकं पाचनईचं नाव घेतलंत, म्हणून माझं थोडं सांगते.

आमचे हे गेले त्याला यंदा चौदा वर्षं झाली. ऑगस्टमध्ये गेले. मी तेव्हा नाशिकला बँकेत कॅशवर होते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात काउंटरवर ही गर्दी, आणि माझी नोटा मोजताना गिनती चुकायला लागली. शंभरच्या बंडलात कधी अठ्ठ्याण्णव यायच्या, कधी एकशे एक. शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण ते बघत होती. ती जुनी डोंगरवाली. म्हणाली, ‘लक्ष्मीपूजनाला चल माझ्याबरोबर. तिकडे काही मोजायचं नाही.’ मी हो कशी म्हणाले ते मलाच आठवत नाही. नाही म्हणायलाही जोर लागतो, तो नसावा.

घोटीहून राजूर आणि राजूरहून जीपने पाचनई. पोचलो तेव्हा दुपार कलली होती. निम्मं भात कापून झालेलं, आडवं पडलेलं, बांधाच्या वर उतारांवर खुरासणीची पिवळी फुलं. ज्यांच्याकडे उतरलो त्या घरात नुकत्याच झालेल्या वाघबारशीच्या गप्पा चालू होत्या. अकोले तालुक्याच्या त्या डोंगरपट्ट्यात वसुबारसेच्याच दिवशी वाघोबाला पुजतात. गुराखी पोरं दारोदार तांदूळ मागतात आणि देवाशी खीर शिजवतात. मला त्या घरात कोणी ‘काय झालं हो?’ असं विचारलं नाही, ते मला फार बरं वाटलं.

लक्ष्मीपूजन म्हणजे अमावस्या. शहरात राहून आपण हे विसरतोच. तिथे जेवणं झाल्यावर अंगणात आलो तर काळोख असा की स्वतःचा हात दिसेना, आणि वर आभाळ खच्चून भरलेलं. कृत्तिकांचा झुबका डोक्याच्या दिशेने सरकत होता. दहाच्या पुढे डोंगराच्या कडेवरून मृग वर आला. यांना मृगाच्या पोटातला बाण दाखवायची भारी हौस होती. लग्नानंतर पहिल्या वर्षापासून दाखवत आले, मला काही तो कधी नीट दिसला नाही. त्या रात्रीही दिसला नाही. मी मात्र मान दुखेपर्यंत बघत बसले.

आता पाडवा. त्याबद्दल खोटं सांगणार नाही. पहाटे घरच्या बाईने पडवीत पाट मांडला आणि नवऱ्याला ओवाळायला घेतलं. मी चुलीपाशी चहा घेऊन बसले होते. उठले आणि सरळ गोठ्यात जाऊन उभी राहिले. म्हणजे बघा, जिच्यापासून पळाले ती सकाळ माझ्याआधी पाचनईत हजर. थोड्या वेळाने ती बाई तेच ताट घेऊन गोठ्यात आली. पाडव्याला गुरांनाही ओवाळतात. ताट माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘बाई, यांना तुमी ओवाळा. मला भाकऱ्या टाकायच्यात.’ आमच्या घरी तीन महिने मला कोणी हळदीकुंकवाच्या ताटाला हात लावू दिला नव्हता. हिला माझं माहीत होतं की नव्हतं, ते मी आजतागायत विचारलेलं नाही. एका तांबड्या बैलाने कुंकू लावताना मान हलवली आणि माझ्या पांढऱ्या बाहीवर लाल ओघळ आला. तो धुऊनही पुरता गेला नाही.

मग चढलो. पाचनईची वाट हरिश्चंद्रगडाच्या सोप्या वाटांपैकी. गड १४२४ मीटर असला तरी पाचनईच उंचावर आहे, त्यामुळे चढ तेवढा राहत नाही. मध्ये कातळकड्याच्या पोटातून आडवं जावं लागतं, तिथे रेलिंग आहेत. गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापर्यंत मला तीन तास लागले, तुमची मुलगी दोनात जाईल. तिला पुढे पळू देऊ नका.

वर केदारेश्वराची गुहा आहे. मोठं शिवलिंग, भोवती चार खांब होते त्यातला एकच धड उभा, आणि सगळीकडे पाणी. मैत्रीण म्हणाली, प्रदक्षिणा घालू. पाणी कमरेपर्यंत, आणि गार म्हणजे इतकं गार की श्वास आत घेतला तो बाहेर येईना. पायाखाली शेवाळ, हात खांबाला. कशीबशी एक फेरी झाली. बाहेर येऊन कपडे पिळताना एकदम लक्षात आलं, ती दोन मिनिटं यांची आठवण आली नव्हती. ऑगस्टपासून पहिल्यांदा. आणि मग जी रडले! दुःखाने नव्हे, विसरल्याच्या लाजेने. मैत्रीण शांतपणे डब्यातली चकली काढून खात बसली. तुम्हालाही अशी दोन मिनिटं मिळतील, ताई. त्यानंतरची लाजही येईल. ती आली म्हणून घाबरून घरी परत फिरू नका, एवढंच सांगण्यासाठी हे इतकं लिहिलं.

कोकणकड्यावर जायचं तर मंदिरापासून आणखी अर्धा-पाऊण तास. तिथे कडेला उभं राहून फोटो काढायचे नाहीत. पोटावर झोपायचं, मुलीने पाय धरायचे आणि मग डोकं पुढे काढून खाली बघायचं. कडा आतून पोखरल्यासारखा आहे, वारा खालून वर येतो. वाळलेलं पान टाकलंत तर परत तुमच्याच तोंडावर येतं.

पळून जाणं का? असेल. चार दिवस पळालात तर कोणाचं काय बिघडलं? भाऊबीजेला परत यायचंच आहे.

जाऊबाईंशी वाद घालू नका. त्यांचा दीर गेलाय, हेही आहेच. पहिल्या वर्षी सण करत नाहीत, गोडधोड घरी तळत नाहीत, हे आपल्याकडे बहुतेक घरांत चालत आलंय. पण सण न करणारीने त्या चार दिवसांत नेमकं कुठे बसायचं, हे काही कुठे लिहून ठेवलेलं नाही. घराची किल्ली त्यांच्याकडेच द्या आणि म्हणा, ‘रोज संध्याकाळी दारात एक पणती तुम्ही लावा.’ घराला कुलूप राहणार नाही आणि त्यांनाही ते घर धरून ठेवल्यासारखं वाटेल. आमच्याकडे माझ्या नणंदेने लावली होती. अजून दरवर्षी लावायला येते, आता मी घरी असले तरी.

गुडघ्यांचं : आजपासून लिफ्ट बंद. चढताना नाही, उतरताना दुखतात की नाही ते बघा, कारण रडवतो तो उतार. काठी घ्या. डॉक्टरांनी नको म्हटलं तर हट्ट करू नका. त्याच तालुक्यात भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या टोकाला रतनवाडी आहे, रतनगडाच्या पायथ्याशी. अमृतेश्वराचं कोरीव मंदिर थेट गावात, डोंगर चढायला नको. प्रवरेचं पाणी शेजारी. तिथे बसून राहिलात तरी चालेल. मुलगी गडावर जाऊन येईल. तिचेही वडील गेलेत, तिलाही थोडं एकटीने चालू द्या, फक्त वाटाड्या सोबत द्या.

झोपेचं तेवढं हलक्यात घेऊ नका. डोंगराने दोन रात्री झोप लागेल, नंतर पुन्हा उडाली तर डॉक्टरांना सांगा. मध्यरात्री बोलायला कोणी नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात.

सकाळी सहाला निघा, उजेड असताना खाली या. रात्री वर राहायच्या मोहात पडू नका, पहिल्या खेपेला गावातलंच घर बरं. लक्ष्मीपूजन-पाडव्याला लोक आपापल्या घरी असतात, माझ्या अनुभवात गड तेव्हा शांत असतो. भाऊबीज झाली की झुंबड उडते.

आणि नातेवाईक फराळ आणून देतीलच. त्यातल्या चकल्या आणि शंकरपाळे न्या. बेसनाचे लाडू नेऊ नका, मंदिरापाशी पोचेपर्यंत पिशवीत नुसता भुगा उरतो. मी चमच्याने खाल्लाय.