वेदगंगेकाठच्या घरासाठी आपत्कालीन पिशवी

प्रश्न : आमचे घर निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठी आहे. घरात आम्ही चौघे असून सासूबाईंना मधुमेहामुळे रोज इन्सुलिन घ्यावे लागते. पुरात घर सोडावे लागल्यास काय तयार ठेवावे?
— एक वाचक भगिनी

उत्तर : २०१९ आणि २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. गावात उघडीप असली तरी वर सह्याद्रीत कोसळणारा पाऊस नदी फुगवतो. म्हणून पिशवी मृगाआधीच भरावी आणि ती एकट्या माणसाला उचलता येईल एवढीच जड असावी.

आपल्याकडे पहिला विचार इन्सुलिनचा करावा लागेल. वापरात काढलेली कुपी बहुधा ३० अंशांच्या आतील तापमानात सुमारे चार आठवडे चालते, तरीही सोबतची सूचना आजच वाचून ठेवावी. कुपी घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती डबी मातीच्या भांड्यात ठेवावी आणि भांड्याभोवतीचे फडके सतत ओले राखावे. बर्फाला मात्र ती टेकू देऊ नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. निवारा केंद्रात जेवण वेळेवर मिळेलच असे नाही, आणि इन्सुलिन घेऊन पोट रिकामे राहिले तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते; त्यामुळे सिरिंजबरोबर ग्लुकोजचा पुडा हवाच. औषधाचे नाव व मात्रा मराठीबरोबर कन्नडमध्येही लिहून ठेवावी, म्हणजे केंद्रातील आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारत बसावे लागणार नाही.

पाण्याचे गणित अवघड आहे. माणशी दिवसाला ३ लिटर धरले तरी चौघांचे तीन दिवसांचे पाणी ३६ लिटर होते, आणि ते वाहून नेणे शक्य नाही. प्रत्येकाची एक भरलेली बाटली आणि क्लोरीनच्या गोळ्या घ्याव्यात. गढूळ पाण्यात गोळीचा गुण उतरत नाही. पाणी निवळू द्यावे, फडक्यातून गाळावे, मगच पाकिटावरील प्रमाणात गोळी टाकून अर्धा तास थांबावे.

विजेरी, ओआरएस, चुरमुरे, फुटाणे, गूळ हे आपण घ्यालच. रेशन कार्ड, आधार, पासबुक आणि शेताचा पहाणी उतारा जाड प्लास्टिकमध्ये बांधावा. नातेवाइकांचे नंबर आणि मदतीचा ११२ कागदावर लिहावा, कारण मोबाईलची बॅटरी दुसऱ्या दिवशी संपते.

निघताना गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मेन स्विच बंद करावा. मात्र स्विचपर्यंत जाण्यासाठी पाण्यात उतरावे लागत असेल, तर त्याला हात न लावता बाहेर पडावे.