पाच मॅच, शून्य गोल

प्रिय पोरा,

परवा शाहू स्टेडियमवरून तू न सांगता निघून गेलास. बूट हातात, शिनपॅड बाकावरच. गॅलरीतून काय काय ओरडत होते ते मीही ऐकलं. कोल्हापुरात पाच मॅच गोलविना कोरडा गेलेला फुटबॉलचा स्ट्रायकर म्हणजे सार्वजनिक मालमत्ता, येईल त्यानं बोलून जावं. रात्री तुझा मेसेज आला, 'सर, मी बॅकला खेळू का?' म्हणजे गोल मारायचं सोडून मागं राहून अडवायला. फोन केला असता तर 'हो सर, हो सर' म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहितोय.

बायचुंग भुतियाची ती हॅट्‌ट्रिक तू मोबाइलवर किती वेळा बघितलीस ते मला ठाऊक आहे. १३ जुलै १९९७, फेडरेशन कपची सेमी फायनल, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाच्या वर माणूस, ईस्ट बंगालनं मोहन बागानला ४-१ नं लोळवलं. मॅचआधी समोरच्या गोटातून त्याच्या नावाची टिंगल झाली होती, तीही पुरती फिटली. बघच ती. पण आपल्याकडं भुतिया म्हटलं की तेवढंच आठवतात, आणि तुला आत्ता त्याचा काही उपयोग नाही.

तुझ्या कामाचा भुतिया दोन वर्षांनंतरचा. सिक्कीममधल्या तिंकिताम गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा, सोळाव्या वर्षी कोलकात्यात आला, बाविसाव्या वर्षी देशातला सगळ्यांत मोठा स्ट्रायकर. तो उठून इंग्लंडला गेला. फुलहॅम, वेस्ट ब्रॉम, अ‍ॅस्टन व्हिला, तिन्हीकडं ट्रायल दिली, तिन्हीकडून परत. शेवटी १९९९ च्या सप्टेंबरअखेर बरी नावाच्या क्लबनं घेतलं. तिसऱ्या पायरीवरची लीग. ऑक्टोबरात पहिली मॅच खेळला, आणि लीगमधला पहिला गोल कधी झाला? १५ एप्रिल २०००, चेस्टरफिल्डविरुद्ध. मधले सहा महिने मोज. सॉल्ट लेक डोक्यावर घेणारा पोरगा, थंडीत, परक्या गावात, कधी मैदानात तर कधी बाकावर. तीन हंगामांत सदतीस लीग मॅच आणि तीन गोल. त्यात गुडघा दुखावला, क्लबचं दिवाळं निघायची वेळ आली, आणि २००२ मध्ये तो परत आला.

आकडे बघून कुणीही म्हणेल, फसला. मी तसं मानत नाही. तिथल्या धिप्पाड बॅकांशी रोज धक्के खाऊन तो बॉल अंगाखाली धरायला शिकला, हे माझं मत. आधी तो चोरासारखा मागून येऊन गोल मारायचा. नंतरच्या भुतियाकडं पाठ गोलकडं असतानाही बॉल दिला तरी तो टिकायचा, फाऊल मिळायचा, दुसऱ्याला जागा व्हायची. (त्याची उंची काही फार नव्हती, हे तू आरशात बघून लक्षात ठेव.)

२००८ ची एएफसी चॅलेंज कपची फायनल घे, दिल्लीत, ताजिकिस्तानविरुद्ध. भारत ४-१. तीन गोल सुनील छेत्रीचे, एक भुतियाचा. आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू कोण? भुतिया. त्या विजयानं भारत २७ वर्षांनी एशियन कपला गेला. २०११ च्या दोह्यात मात्र तो दुखापतीनं बाहेरच बसला, दक्षिण कोरियाविरुद्ध शेवटची थोडी मिनिटं काय ती मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवृत्त झाला.

आता तुझं. शेवटच्या मॅचमध्ये मी गोल मोजलेच नाहीत, वहीत दुसरंच लिहिलंय. तुला अठरा वेळा पायात बॉल आला, त्यातले तेरा पहिल्याच टचला गेले. का? बॅक पाठीला भिडायच्या आत तू वळतोस. घाई. गोल हवाय ना! आधी ढुंगण मागं टाक, हात पसर, त्याचं वजन अंगावर घे, मग लांबच्या पायानं बॉल धर. बॅकला जाऊन हे सुटणार नाही, तिथं फक्त झाकलं जाईल.

रविवारी सकाळी सहाला गांधी मैदानावर ये. पाठीला उभं राहायला आपल्या टीमचा तो जाडा स्टॉपर आणतो, नाश्त्याच्या मिसळीवर तयार झालाय. पैसे तू द्यायचेस. शिनपॅड माझ्या डिकीत आहेत.

तुझा,
सर