सलामपंजा नव्हे, सालमपंजा

प्रश्न असा की डिंकाच्या लाडवांच्या यादीत ‘सलामपंजा’ आहे, तर हा सलाम कुणाला आणि याचा ऑर्किडशी काय संबंध.

सलाम कुणालाच नाही हो, सालम! हल्ली पुडीवरसुद्धा सलाम छापतात, डोकं फिरतं. हे हिमालयातलं जमिनीवर उगवणारं ऑर्किड, डॅक्टिलोऱ्हायझा हटाजिरिया, लडाखपासून नेपाळ-तिबेटपर्यंत उंचावरच्या ओलसर कुरणांत वाढतं, जांभळट गुलाबी तुरा येतो. (सगळ्या ऑर्किडना बांडगूळ म्हणणाऱ्यांनी तर याच्या वाटेलाच जाऊ नये.) पंज्याचं काय, खालच्या मांसल गड्ड्याला बोटं फुटलेली असतात. नेपाळीत पाँचऔंले, ग्रीकमधून केलेल्या शास्त्रीय नावातही (डॅक्टिलोऱ्हायझा) बोटमुळीच.

खरी मजा सालममध्ये. अरबीत सअलब म्हणजे कोल्हा, आणि या कुळातल्या कंदाचं अरबी नाव चक्क ‘कोल्ह्याचे वृषण’! कारण भूमध्य समुद्राकडच्या बऱ्याच जातींना बोटं नसतात, दोन गोलसर गड्डे शेजारी शेजारी, एक गेल्या वर्षीचा सुरकुतलेला, एक नवा टपोरा. ग्रीकांनीही तेच बघून ऑर्किस म्हटलं, म्हणजे नुसतं वृषण. पुढे वृषण गळले, कोल्हा उरला, तुर्कस्तानात त्याच्या पिठाचं गरम पेय झालं सालेप, आणि फारसीत सालब मिस्री, म्हणजे इजिप्तचा सालब. खडीसाखरेतली मिश्री पण याच मिस्रची.

मग ब चा म कसा झाला? माझं मत ठाम आहे, मिश्रीच्या म मुळे. ‘सालब मिश्री’ पटपट चारदा म्हणून बघा, ब ओठातच राहतो आणि सालम्मिश्री होतं. मग हा सालम सुटा झाला आणि पंज्याला चिकटला. सेलम गावाहून माल यायचा म्हणून सालम, असं छातीठोक सांगणारे विद्वान भेटतात, त्यांना विचारा की तुर्कांनी सालेप काय तामिळनाडूतून नेला का? शब्दशः अर्थ लावला तर सालमपंजा म्हणजे कोल्ह्याचा पंजा, आणि गाळलेला शब्द परत घातला तर काय होतं ते लाडू खाताना आठवू नका!

बाकी हा कंद उपटला की झाडच जातं, बी धुळीसारखं बारीक, बुरशीची साथ मिळाल्याशिवाय रुजत नाही, म्हणून नेपाळात तो काढायलाच बंदी आहे. आपल्याकडे सालम म्हणून भलतेच कंदही खपवतात. पंजा म्हणून दिलेल्याला बोटं नसतील तर तो पंजा नाही.