विचित्र वेगळं, न दिसणारं वेगळं

नागपूर

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

‘जे कधी दिसणारच नाही त्याचं कसलं फिजिक्स?’ असं तू विचारलंस. त्यात दोन प्रश्नांचा गुंता झालाय. क्वांटम, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरचं फिजिक्स, विचित्र आहे, हा एक. सगळे कण म्हणजे अतिसूक्ष्म तारांची कंपनं असं मानणारी स्ट्रिंग थिअरी तपासता येत नाही, हा दुसरा. रील बनवणारे दोन्ही एकाच कढईत तळतात, तू तसं करू नकोस.

विचित्रपणा तर प्रयोगातच दिसतो. १९८९ साली जपानमध्ये तोनोमुरा यांच्या गटाने इलेक्ट्रॉन जवळजवळ एकेक करून सोडले. पडद्यावर आधी नुसते ठिपके, कुठेही, कसेही. शंभर-दोनशे झाले तरी काही कळत नाही. हजारोंनी जमले की त्यातूनच, लाटा एकमेकींत मिसळल्यावर पडतात तसे, पट्टे उमटतात. सोबतीला दुसरा इलेक्ट्रॉन नसताना! त्याची चित्रफीत आहे. घाई न करता, मधे थांबवत बघ.

जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ साली तर हद्दच केली. कणांचे गुण मोजण्याआधीच ठरलेले आहेत की नाहीत, या गप्पांच्या विषयाला त्याने गणिती मर्यादा घातली: गुण आधीच ठरलेले असतील आणि दूरचे कण एकमेकांवर तत्क्षणी परिणाम करत नसतील, तर त्यांच्या मोजमापांचा मेळ इतकाच, याहून जास्त नाही. क्लाउझर, अस्पे, त्साइलिंगर यांच्या प्रयोगांत ती ओलांडली गेली; २०२२ चं नोबेल त्याचंच.

आता न दिसणारं. वोल्फगांग पाउली या भौतिकशास्त्रज्ञाने न्यूट्रिनो नावाचा, सहसा कशालाच न अडणारा कण १९३० साली सुचवला, ऊर्जेचा हिशोब जुळेना म्हणून. सापडला १९५६ साली. तेव्हा उशीर हा काही गुन्हा नाही. पण स्ट्रिंग थिअरीचं खरं घर प्लांक लांबीपाशी मानतात, म्हणजे मीटरमध्ये दशांशचिन्हापुढे ३४ शून्यं. सर्न या प्रयोगशाळेतला एलएचसी, म्हणजे कणांची टक्कर घडवणारा यंत्रसंच, अठरा शून्यांच्या आसपास थांबतो. ती थिअरी खोटी आहे असं मी म्हणत नाही. गणित देखणं आहे. फक्त तिला बेलच्या पंगतीला बसवू नकोस.

कोपनहेगन की मेनी वर्ल्ड्स, म्हणजे क्वांटमचा अर्थ लावण्याच्या दोन पद्धतींपैकी कोणती खरी, यावर रात्री जागवू नकोस; आजवरच्या प्रयोगांपुरते दोघांचे आकडे सारखेच येतात. मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नाहीच, तर कूलरसमोर बसून कॉम्प्लेक्स नंबर आणि आयगेनव्हॅल्यू हे क्वांटमला लागणारं गणित पक्कं कर. मग बेलच्या असमानतेचं, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेचं, १९६९ चं रूप हाताने सोडव. तिथे मर्यादा २ आहे, क्वांटम २.८३ पर्यंत जातं. ते जास्तीचं नेमकं कोणत्या पायरीवर येतं ते शोध आणि रविवारी वही घेऊन धरमपेठेत घरी ये.

तुझा,
सर